हौशी बिनतारी जाळ्यातील जुन्या पत्त्यांची रुजुवात

ज्या हौशी बिनतारी संदेशकांनी रेडिओ आणि संगणक यांची सांगड घालून पाहिली आहे, त्यांना ४४ या आकड्याने सुरू होणारे पत्ते अपरिचित नाहीत. १९८१ साली, म्हणजे इंटरनेट हे नाव सर्वसामान्यांच्या कानी पडण्याच्या पुष्कळच आधी, हँक मॅग्नुस्की या अमेरिकन संदेशकाच्या खटपटीमुळे ४४ पासून सुरू होणारा संपूर्ण पट्टा, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते, जगभरच्या परवानाधारक हौशी संदेशकांच्या प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आला. पुढे फिल कार्न यांनी रचलेल्या ‘नॉस’ या प्रणालीमुळे साध्या घरगुती संगणकालाही या जाळ्याचा घटक होणे शक्य झाले. आणि सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रायन कँटर यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळलेल्या प्रवेशद्वारातून हे विखुरलेले गट परस्परांशी व बाहेरच्या इंटरनेटशी जोडले गेले. पत्त्यांच्या वाटपाचे काम देशोदेशींच्या समन्वयकांनी विनावेतन केले, आणि ते ज्या सचोटीने केले तिच्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु वाटपाचे दफ्तर जितके काळजीपूर्वक लिहिले गेले तितके परतीचे लिहिले गेले नाही. पत्ता हवा असला म्हणजे माणूस अर्ज करतो. यंत्र बंद करून माळ्यावर ठेवताना मात्र समन्वयकाला इत्तला द्यावी असे फार थोड्यांना सुचते. कोणी परगावी गेला, कोणाचा क्लब मोडला, कोणी निवर्तला, कोणाचे संकेतनाम बदलले. त्यांच्या नोंदी मात्र जागच्या जागी राहिल्या. या नोंदींची रुजुवात कशी घ्यावी, आणि ती घेताना कोणाचाही हक्क विनाकारण बुडणार नाही अशी खबरदारी कशी बाळगावी, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे, ती ही की पत्त्याची नोंद एकाच ठिकाणी नसते. अमुक पट्टा अमुक संदेशकास दिला, हे वाटपाच्या वहीत असते. त्या पत्त्याला एएमपीआर डॉट ऑर्ग या क्षेत्रात कोणते नाव दिले, हे नामसूचीत असते, आणि तेथेही नावावरून पत्ता सांगणारी नोंद निराळी व पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद निराळी. त्या पत्त्याकडे जाणारी वाट कोणत्या गेटवेतून आहे आणि तो गेटवे इंटरनेटवर कोणत्या सार्वजनिक पत्त्यावर भेटतो, हे गेटवेंच्या तक्त्यात असते. याखेरीज प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या यंत्रात, राउटरच्या फायलीत, स्टेशन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांत आणि कधीकाळी हाताने उतरवून घेतलेल्या यादीत याच नोंदींच्या नकला असतात. एका ठिकाणी दुरुस्ती केली आणि बाकीच्या ठिकाणी तशीच राहू दिली, तर झालेली दुरुस्ती ही नव्या गोंधळाचे बीज ठरते. सातबाऱ्यावरचा खातेदार मरून दोन पिढ्या लोटल्या तरी वारसनोंदीचा फेरफार न झाल्यामुळे जमीन कागदोपत्री त्याच्याच नावे चालत राहावी, तशी या पत्त्यांची स्थिती आहे. आणि जमिनीच्या बाबतीत जसे, तसेच येथेही, मालक कोण हे कागदावरून ठरवायचे की वहिवाटीवरून, हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो.

मृत नोंद राहिली तर बिघडले कुठे, असे विचारणारे सज्जन प्रत्येक क्लबात भेटतात. पत्ते कोट्यवधी आहेत, पडून राहिले तर राहू द्यावेत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पत्त्यांच्या टंचाईपुरता विचार केला तर तो खराही आहे. पण हानी टंचाईची नसून दिशाभुलीची आहे, आणि ती गेटवेंच्या तक्त्यात सर्वांत ठळक दिसते. समजा, एखाद्या संदेशकाने घरच्या इंटरनेट जोडणीवर गेटवे चालवला, तिचा सार्वजनिक पत्ता तक्त्यात नोंदवला, आणि काही वर्षांनी ती जोडणी सोडून दिली. इंटरनेट पुरवणारी कंपनी तो पत्ता रिकामा ठेवीत नाही. ती तो दुसऱ्या ग्राहकाला देते. या जाळ्याचे केंद्रीय प्रवेशद्वार मात्र आपल्याकडील मार्गसूची दर पाच मिनिटांनी प्रत्येक नोंदलेल्या गेटवेकडे पाठवीत असते, तेव्हा ज्याने बिनतारी संदेशनाचे नावही ऐकलेले नाही अशा एखाद्या गृहस्थाच्या राउटरवर दर पाच मिनिटांनी हा अनाहूत टपालथैला येऊन आदळतो. शिवाय जगातील इतर गेटवे त्या जुन्या पट्ट्यासाठी निघालेली पॅकेटे गुंडाळून त्याच्याच दारी पाठवितात. हौशी संदेशकांची प्रतिष्ठा ज्या शिस्तीवर उभी आहे, तिला हे शोभणारे नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे आणि त्याचा संबंध जवळजवळ प्रत्येक जुन्या स्टेशनाशी येतो. २०१९ साली या जाळ्याची विश्वस्त असलेल्या एआरडीसी या कॅलिफोर्नियातील संस्थेने ४४.१९२.०.० पासून ४४.२५५.२५५.२५५ पर्यंतचा पाव हिस्सा, म्हणजे ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते, ॲमेझॉन कंपनीला विकले. हा निर्णय योग्य होता की नव्हता यावर संदेशकांत तीव्र मतभेद झाले, आणि दोन्ही पक्षांत विचारी माणसे होती. परंतु नोंदींची सफाई करणाऱ्याला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याला एवढेच पाहायचे आहे की, या जाळ्याकडे आता १ कोटी २५ लाख ८२ हजार ९१२ पत्ते उरले आहेत, ते ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० या दोन पट्ट्यांत आहेत, आणि ‘४४ म्हणजे आपले’ हे अनेक वर्षे अंगवळणी पडलेले समीकरण त्या वर्षापासून खोटे झाले आहे. ज्या यंत्रांत ‘४४.०.०.०/८ कडे जाणारे सर्व काही टनेलमधून पाठवा’ अशी जुनी आज्ञा अजून जिवंत आहे, त्या यंत्रावर बसलेल्या माणसाला ॲमेझॉनच्या यंत्रांवर चालणारी काही संकेतस्थळे उघडेनाशी होतात. तो केबलवाल्याला दोष देतो, राउटर बदलतो, आणि दोष मात्र त्याच्याच फायलीतील एका ओळीत असतो. ती ओळ काढून तिच्या जागी वरील दोन पट्ट्यांच्या दोन ओळी लिहिणे, एवढाच याचा उपाय आहे. त्याचप्रमाणे कोणाच्या खाजगी यादीत वा स्वतःच्या मालकीच्या नामक्षेत्रात विकल्या गेलेल्या हिश्श्यातील पत्त्याकडे बोट दाखवणारे नाव शिल्लक असेल, तर ते नाव आज परक्या माणसाच्या यंत्राकडे जाते. क्लबच्या नावाने कोणी निरोप पाठवावा आणि तो कोणा अनोळखी व्यावसायिकाच्या सर्व्हरवर उतरावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून सफाईचा आरंभ समन्वयकाच्या दफ्तरापासून नव्हे, तर आपल्या स्वतःच्या यंत्रापासून करावा: त्यातील सर्व फायलींत ४४ हा आकडा शोधावा, सापडलेली प्रत्येक ओळ कागदावर उतरवावी, आणि प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे हे लिहिता येते का ते पाहावे. ज्या ओळीपुढे काही लिहिता येत नाही, तिची चौकशी आधी.

आता सामाईक दफ्तराकडे वळू. येथे नवख्या समन्वयकाच्या हातून जी चूक हमखास होते ती अशी की, तो सर्व पत्त्यांना एका रात्रीत ‘पिंग’ची हाक मारतो, जे उत्तर देत नाहीत त्यांची यादी करतो आणि त्या यादीवर काट मारतो. हे माझ्या मते अन्यायाचे आहे, आणि रेडिओच्या स्वभावाचे अज्ञान त्यातून दिसते. व्यापारी जाळ्यात बंद पडलेले यंत्र बहुधा गेलेलेच असते. हौशी जाळ्यात यंत्र बंद असणे हीच नित्याची अवस्था आहे. कोणी रविवारी सकाळी स्टेशन लावतो, कोणी दिवेलागणीनंतर. कोणाचा रिपीटर डोंगरावर असून पावसाळ्यात वीज पडण्याच्या भयाने त्याची जोडणी उतरवून ठेवलेली असते. कोणाच्या फायरवॉलने ‘पिंग’ला उत्तर देण्याचीच मनाई केलेली असते. आणि काही स्टेशने तर केवळ संकटकाळासाठी राखून ठेवलेली असतात, जी वर्षानुवर्षे मौन पाळतात आणि ज्या दिवशी बोलतात त्या दिवशी दुसरे कोणीच बोलू शकत नसते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमान-निकोबारचे दळणवळण तोडले असताना, प्रयोगासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी संदेशकांनीच तेथील निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले, हे ज्याला स्मरते तो मौनावरून मृत्यूचे अनुमान करणार नाही.

म्हणून पुरावा एक नव्हे, अनेक गोळा करावे लागतात. हाक मारावयाची तर ती निरनिराळ्या वारी, निरनिराळ्या प्रहरी आणि निदान दोन ऋतूंत मारावी. त्या नावासाठी टपालाची नोंद आहे काय, त्या पट्ट्याचा गेटवे तक्त्यात कधी बदलला गेला, पट्टा थेट इंटरनेटवर घोषित केलेला आहे काय, हे पाहावे. कारण नावाची नोंद जुनाट दिसत असूनही पट्ट्याची घोषणा आजही चालू असेल, तर मालक जागा आहे आणि केवळ नावाची व्यवस्था पाहण्यास विसरला आहे. मग संकेतनामाची चौकशी करावी. अमेरिकेत एफसीसीची परवान्यांची सूची सर्वांना खुली असल्यामुळे हे काम सोपे आहे. आपल्याकडे परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी कक्षाकडून मिळतो, आणि चौकशीचा खरा आधार स्थानिक क्लब व जुनी मंडळी हाच असतो. येथे आपल्या संदेशकांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जो संदेशक पूर्वी मर्यादित श्रेणीचा म्हणून व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम चालवीत होता, तो पुढे परीक्षा देऊन सामान्य श्रेणीत गेला तर त्याचे संकेतनाम व्हीयू२ ने सुरू होणारे होऊ शकते. दफ्तरात त्याच्या नावे दोन खाती दिसतात, एक निर्जीव व एक सजीव. परंतु माणूस एकच असून तो धडधाकट आहे. अशा ठिकाणी काट मारायची नसून खाती एकत्र करायची असतात, आणि जुन्या नावाने येणारे निरोप काही काळ नव्या नावाकडे वळते ठेवायचे असतात.

चौकशीनंतर पत्र. ते कसे असावे याविषयी माझे मत आग्रहाचे आहे, कारण धमकीवजा भाषेतले पत्र वाचून चांगली माणसे दुखावतात आणि उत्तर देत नाहीत. पत्र एका परिच्छेदाचे असावे व त्यात तगाद्याचा सूर नसावा. उदाहरणार्थ: ‘आपल्या नावे आमच्या दफ्तरी अमुक पत्ता व अमुक नाव नोंदलेले आहे. ते आपण वापरीत असाल, किंवा पुढे वापरण्याचा मानस असेल, तर एका ओळीचे उत्तर पुरेसे आहे. वापरीत नसाल तर तसेही कळवावे, म्हणजे नोंद आपल्या संमतीने मोकळी करता येईल. नव्वद दिवसांत आपल्याकडून काही न कळल्यास नाव तूर्त स्थगित ठेवू; पत्ता मात्र त्यानंतरही एक वर्ष आपल्याच खाती राखून ठेवण्यात येईल.’ हे पत्र नोंदीतील ई-मेलवर पाठवावेच, पण ज्याची नोंद वीस वर्षांची जुनी आहे त्याचा ई-मेल वीस वर्षे टिकला असेल असे समजू नये; क्लबमार्फत, नेटवर नाव पुकारून, आणि शक्य असेल तेथे साध्या टपालाने कार्ड धाडूनही तीच विचारणा करावी. मुदतीचे आकडे मी माझ्या समजुतीप्रमाणे दिले आहेत, ते ज्याने त्याने आपल्या गटाच्या विचाराने ठरवावेत. पण मुदत असावी, ती आधी जाहीर व्हावी आणि कोणासाठीही ती आखडती घेऊ नये.

स्थगिती या मधल्या पायरीचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्थगिती म्हणजे चालू नामसूचीतून नाव उतरवणे, आणि वाटपाच्या वहीत मात्र ते तारखेसह व कारणासह शाबूत ठेवणे. सॅन दिएगोच्या प्रवेशद्वाराचा बराच काळ असा नियम राहिला की, ज्या पत्त्याला एएमपीआर डॉट ऑर्गमध्ये नाव नाही त्याच्याकडे बाहेरच्या इंटरनेटवरून येणारी पॅकेटे आत सोडायचीच नाहीत. जेथे असा नियम लागू आहे तेथे नाव उतरवताच त्या पत्त्याची बाहेरची रहदारी थांबते, आणि पत्ता खरोखरच कोणी वापरीत असेल तर तो दोन दिवसांत विचारणा करतो. शंभर पत्रांना जे उत्तर मिळत नाही ते एका स्थगितीला मिळते. आणि नोंद वहीत शाबूत असल्यामुळे पाच मिनिटांत नाव पूर्ववत करता येते, कोणाचे कायमचे नुकसान होत नाही. काट आणि स्थगिती यांत हा फरक आहे, म्हणून पहिल्या खेपेला काट कधीच मारू नये.

प्रत्यक्ष उतरवण्याचा क्रमही विचारपूर्वक ठेवावा लागतो. नामसूचीतील एक ओळ समोर धरावी: डावीकडे संकेतनाम, त्यापुढे ३६०० किंवा ८६४०० असा आकडा, मग ‘ए’ हे अक्षर आणि शेवटी ४४ ने सुरू होणारे चार अंकगट. मधला आकडा सेकंदांत असतो. ८६४०० म्हणजे एक पूर्ण दिवस, आणि तेवढा काळ जगातील इतर नामसेवक ही ओळ आपल्या स्मरणात धरून ठेवतात. म्हणून ज्या दिवशी ओळ उतरवायची त्याच्या दोनतीन दिवस आधी हा आकडा कमी करावा, म्हणजे बदल झाल्यावर जुनी माहिती फार काळ फिरत राहत नाही आणि चूक झालीच तर ती सुधारणेही लवकर होते. ओळ उतरवण्यापूर्वी तिच्यावर कोणकोण विसंबून आहे ते शोधावे: टपाल या नावाकडे पाठवा असे सांगणारी ‘एमएक्स’ नोंद असेल, हे नाव म्हणजेच ते नाव असे सांगणारी ‘सीनेम’ नोंद असेल, किंवा एखाद्या क्लबच्या उपनावांचा सारा कारभार या यंत्रावरच्या नामसेवकाकडे सोपवलेला असेल. ही शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची आहे, कारण कारभार ज्याच्याकडे सोपवला तो पत्ता उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्या क्लबच्या नावाने वाटेल ते सांगण्याची मुखत्यारी त्याला आयतीच मिळते. तेव्हा आधी विसंबलेल्या नोंदी, मग मूळ नाव, मग उलटी नोंद, त्यानंतर गेटवेचा तक्ता आणि सर्वांत शेवटी वाटपाची वही, या क्रमाने काम करावे. आरंभी संपूर्ण नामसूचीची तारीख घातलेली नक्कल काढून ठेवावी, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही सांगतो, कारण ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी दुसरे काहीच उपयोगी पडत नाही.

मोकळा झालेला पत्ता लगेच दुसऱ्याला देऊ नये. सभासदांच्या खाजगी यंत्रांतील नकलांवर कोणाची हुकमत चालत नाही, आणि जुन्या मालकासाठी निघालेले निरोप नव्या मालकाच्या पदरी पडत राहतात. पट्टा रिकामाच भरपूर असताना घाई कशासाठी? एक-दोन वर्षे पत्ता पडीक ठेवावा, आणि नव्या अर्जदाराला पूर्वी कधीही न वाटलेला पत्ता आधी द्यावा.

दिवंगत संदेशकांच्या नोंदींविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे. आपल्या मंडळींत निवर्तलेल्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, आणि त्याचे संकेतनाम नामसूचीत तसेच राहू द्यावे, ती त्याची आठवण आहे, अशी भावना अनेकांची असते. या भावनेचा मी पूर्ण आदर करतो, पण नामसूची ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. अमेरिकेत परवान्याची दहा वर्षांची मुदत संपून आणखी दोन वर्षे लोटली म्हणजे तेच संकेतनाम दुसऱ्या संदेशकाला मिळू शकते, आणि तसे झाले तर दिवंगताच्या नावे राहिलेली नोंद त्या नव्या माणसाचीच समजली जाते. त्याचे काम अडते, आणि ज्याच्या स्मृतीसाठी ती ठेवली त्याचेही नाव गोंधळात ओढले जाते. दिवंगताच्या घरी समन्वयकाने स्वतः किंवा क्लबच्या ज्येष्ठ सभासदाने बोलावे. घरात दुसरा कोणी परवानाधारक असेल आणि स्टेशन चालवू इच्छित असेल तर त्याच्या संकेतनामावर नवे खाते उघडावे. ते तसे नसेल तर नाव उतरवून वाटपाच्या वहीत दिवंगताचे नाव, संकेतनाम, त्याने कोणत्या साली पत्ता घेतला व त्यावर काय उभारले, हे चार ओळींत लिहून ठेवावे. वही ही स्मरणाची जागा आहे. तेथून कोणाचेही नाव कधीच खोडू नये.

हे सारे काम एका माणसाने एका बैठकीत उरकण्यासारखे नाही, आणि उरकूही नये. महिन्याला वीसपंचवीस नोंदी घेतल्या तरी वर्षअखेर दफ्तराचा मोठा भाग तपासून होतो. समन्वयकाने प्रत्येक नोंदीपुढे शेवटच्या खातरजमेची तारीख लिहिण्याचा प्रघात सुरू करावा, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्याला पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागणार नाही. आणि ज्या वाचकाच्या नावे ४४ च्या पट्ट्यातील एखादा पत्ता आहे, त्याने समन्वयकाच्या पत्राची वाट पाहू नये. आपले नाव, पत्ता, गेटवे आणि संपर्काचा ई-मेल या चार गोष्टी या आठवड्यातच पाहून घ्याव्यात. बदल असेल तर तो कळवावा. आणि पत्ता लागत नसेल, तर लागत नाही म्हणून चार शब्द लिहून तो परत करावा.